हात गळ्यात आणि शर्ट अंगात

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर जानेवारी महिन्यात दिलेले हे भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडी काटछाट करून लिहून दिले आहे. बोलण्याच्या ओघातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



फळ्यावरचा आजचा विषय वाचून जिन्यातच दोघांनी मला गाठलं. "साहेब, तुम्ही बँकेतले. हे शिंपीकाम कधीपासून?" प्रश्न रास्त आहे. सदतीस वर्षं मी बँकेत काढली आणि कपड्यांशी माझा संबंध इस्त्रीवाल्याच्या हिशोबापुरताच राहिला. पण मागच्या पावसाळ्यात माझा उजवा खांदा मोडला. ऑपरेशन टळलं, पण सहा आठवडे हात गळ्यात अडकवून बसावं लागलं. त्या काळात जे पाहिलं, विचारलं आणि शिंप्याकडून करून घेतलं, ते आज सांगणार आहे. गेल्या दोन वर्षांत आपल्याच आवारात हात गळ्यात घेतलेली चार-पाच माणसं मी पाहिली आहेत. सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, म्हणजे आपलीही वयं पंचवीस वर्षांनी वाढली. तेव्हा विषय आपल्या उपयोगाचा आहे.

खांदा मोडला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मोडलेलं असतं ते दंडाच्या हाडाचं वरचं टोक. हाडं ठिसूळ झाली की उभ्याउभ्या पडण्यानेसुद्धा ते मोडतं. पडताना हात टेकला तर मनगट जातं. काहींचं हाड शाबूत राहतं, पण खांद्याभोवतीचे स्नायूंचे दोर तुटतात. त्याला रोटेटर कफ म्हणतात. ते ऑपरेशन करून जोडले की साधारण चार ते सहा आठवडे हात पट्ट्यात ठेवावा लागतो. आणि आपल्या कट्ट्यावरचं सगळ्यांत ओळखीचं दुखणं म्हणजे फ्रोझन शोल्डर. मधुमेह असलेल्यांना ते जास्त होतं आणि महिनोन्‌महिने रेंगाळतं. दुखणी वेगवेगळी, पण सकाळी उठल्यावर अडचण एकच. अंगात घालायचं काय, आणि ते घालायचं कसं?

दवाखान्यातून घरी सोडताना जो कागद देतात तो नीट वाचून बघा. गोळ्या असतात, व्यायाम असतात, पुढचा एक्स-रे कधी ते असतं. कपड्यांबद्दल ओळ नसते. डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांच्या बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात. पण ती एक ओळ नसल्याने काय होतं ते सांगतो.

आपल्याच सोसायटीतले एक गृहस्थ. नाव सांगत नाही, पण त्यांनी परवानगी दिली आहे म्हणून बोलतो. एकटे राहतात, मुलगा परदेशात. दिवाळीच्या सुमारास त्यांचा डावा खांदा मोडला. तोवर माझा हात सुटला होता. आठ-दहा दिवस ते खाली दिसले नाहीत म्हणून मी बेल वाजवली. दार एवढंसं उघडलं आणि आतूनच बोलले. कमरेला लुंगी, खांद्यावर पंचा, बस्स. शर्ट घालता येत नाही म्हणून फिजिओथेरपीला जाणं बंद. कामाला बाई यायच्या वेळी स्वतः आतल्या खोलीत. पहाटे दूधवाला येतो त्या वेळी पिशवी दाराला अडकवलेली. मी म्हटलं, "अहो, मला हाक मारायची." तर म्हणाले, "काय सांगू? मला कपडे घाला म्हणून सांगू?"

मंडळी, हा माणूस सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होता. शंभर माणसं त्यांच्या हाताखाली होती. हाड मोडल्याचं दुःख त्यांनी सोसलं, पण हे काही त्यांना सोसेना. आणि यात नुसत्या लाजेचा प्रश्न नाही. व्यायाम बुडला की खांदा आखडतो, आखडला की शर्ट आणखी अवघड, म्हणून पुन्हा घरी बसणं. आमच्या भाषेत याला चक्रवाढ व्याज म्हणतात.

आता मुद्द्यावर येतो. पहिली गोष्ट फुकटची आहे. गोदामात तारण ठेवलेल्या मालाची तपासणी करताना आम्हाला एक नियम असायचा, आधी आलेला माल आधी बाहेर. इथे नेमकं उलट. दुखरा हात आधी आत, आणि सगळ्यांत शेवटी बाहेर. घालताना दुखऱ्या हाताची बाही पहिली, काढताना चांगला हात पहिला. आपण सगळे सवयीने नेमकं याच्या विरुद्ध करतो, कारण चांगला हात चटकन पुढे होतो. मग उरलेली बाही पाठीमागे लोंबत राहते आणि दुखरा हात तिच्यामागे ओढावा लागतो. तिथेच कळ येते.

पद्धत अशी. खुर्चीवर बसायचं, उभं राहून नाही. शर्ट मांडीवर पसरायचा, आतली बाजू वर, कॉलर गुडघ्यांकडे. दुखऱ्या बाजूची बाही दोन पायांच्या मधे मोकळी सोडायची. थोडं पुढे वाकायचं आणि दुखरा हात आपल्या वजनाने खाली लोंबू द्यायचा, उचलायचा नाही. चांगल्या हाताने बाही वर ओढत कोपराच्या पुढे, खांद्यापर्यंत न्यायची. मग शर्ट पाठीमागून फिरवून घ्यायचा आणि शेवटी चांगला हात. पहिल्या दिवशी मला वीस मिनिटं लागली, दहाव्या दिवशी सहा. अशाच पुढे वाकण्यात काखही उघडी होते, ओल्या फडक्याने पुसून कोरडी करता येते. आपल्या दमट हवेत हे महत्त्वाचं आहे, नाहीतर आठवड्यात कातडी लाल होऊन सोलते. पण एक सांगून ठेवतो. पट्टा काढायचा की नाही, किती वेळ काढायचा, हात लोंबू द्यायचा की नाही, हे ज्याचं त्याने आपल्या डॉक्टरांना विचारायचं. ऑपरेशननंतर काहींना पहिले काही दिवस पट्टा काढायची परवानगीच नसते. त्यांनी मोठ्या मापाचा, समोरून उघडा शर्ट पट्ट्याच्या वरून पांघरायचा. चांगला हात बाहीत, दुखरा हात शर्टाच्या आत, ती बाही रिकामी. दिसतं थोडं विचित्र. दिसू दे.

हे मला शिकवलं ते एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलीने. फिजिओथेरपी आपल्याला माहीत असते, ही दुसरी शाखा फारशी माहीत नसते. फिजिओथेरपी सांध्याकडे बघते, आणि ही शाखा बघते की त्या सांध्याने तुम्हाला आंघोळ, जेवण, कपडे जमतात का. भारतात या विषयाचं पहिलं विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात निघालं, ते कमलाबाई निंबकरांनी काढलं. मूळच्या अमेरिकन, लग्न होऊन निंबकर झाल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. पंचाहत्तर वर्षं होऊनही आपण खांदा मोडल्यावर या माणसांकडे जात नाही, कारण कोणी धाडत नाही. मोठ्या रुग्णालयांत हा विभाग असतो. चौकशी करून जावं.

पद्धत कळली तरी शर्ट आडवा येतोच. आपले शर्ट मुंढ्यात घट्ट असतात. तेव्हा दुसरी गोष्ट शिंप्याची. आपल्या गेटसमोर जो आल्टरेशनवाला बसतो, त्याच्याकडे मी जुना सुती हाफ शर्ट घेऊन गेलो. नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठा. त्याला सांगितलं, उजव्या खांद्याची वरची शिवण कॉलरपासून उसव आणि पुढे बाही टोकापर्यंत काप. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "काका, चांगला शर्ट आहे हो." मी म्हटलं, उसव.

उसवल्यावर दोन कडा नुसत्या समोरासमोर येतात, एकमेकींवर चढत नाहीत, कारण शिवणीत कापड अर्धा इंचच दुमडलेलं असतं. म्हणून मागच्या कडेला आतून दीड-दोन इंचाची पट्टी जोडावी लागते. कापड कुठून आणायचं? शर्टाच्या खिशाचं. तसाही मला तो खिसा नको होता. मग पट्टीवर व्हेल्क्रो. व्हेल्क्रो म्हणजे रक्तदाब मोजायच्या पट्ट्याला असतो तो, चर्र आवाज करणारा. १९४१ मध्ये जॉर्ज द मेस्त्राल नावाचा स्विस इंजिनिअर कुत्र्याला घेऊन फिरायला गेला, कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी बिया चिकटल्या, आपल्याकडे माळावर कुसळं चिकटतात तशा. त्याने त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर प्रत्येक काट्याला बारीक आकडा. त्यावरून ही युक्ती निघाली. असो.

व्हेल्क्रोची लांबच लांब पट्टी लावायची नाही, खांदा पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. एकेक इंचाचे तुकडे, मधे दोन बोटं जागा सोडून. खरखरीत बाजू अंगाच्या दिशेने येऊ द्यायची नाही, नाहीतर मान सोलते. आणि धुवायला टाकताना सगळे तुकडे बंद करूनच टाकायचे, नाहीतर घरातल्या सगळ्या कपड्यांचे दोरे त्यात अडकून बसतात आणि मग घरात जे ऐकावं लागतं ते वेगळं.

शिंपी म्हणाला, टिचबटणं लावतो, स्वस्त पडतील. टिचबटण दाबायला खाली काहीतरी घट्ट लागतं, आणि खाली असतो आपलाच मोडका खांदा. म्हणून खांद्यावर व्हेल्क्रो, टिचबटण फक्त बरगडीच्या बाजूला. समोरच्या बटणांनाही हाच उपाय. पुरुषांच्या शर्टाची काजं डाव्या पल्ल्यावर असतात, उजव्या हाताने लावायच्या सोयीची. एकट्या डाव्या हाताने ती लावून बघा, घाम फुटतो. तेव्हा बटणं उचलून काजांवरच कायमची शिवून टाकायची आणि आत व्हेल्क्रोचे तुकडे. वरून शर्ट पहिल्यासारखाच दिसतो. या सगळ्याचे त्याने माझ्याकडून दीडशे रुपये घेतले, त्यात व्हेल्क्रो आलं. तो शर्ट घालून मी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो, हात सुटला होता तरी. काउंटरवरच्या मुलाला काही कळलं नाही. (उजवा हात बंद असताना चेकवर सही कशी करायची हा वेगळा विषय आहे, त्यावर पुढच्या महिन्यात बोलू.)

डावा खांदा असेल तर आणखी एक बघा. शर्टाचा खिसा डावीकडे असतो आणि तो नेमका पट्ट्याखाली जातो. मोबाइल, चष्मा, किल्ली ठेवायची कुठे? खिसा उसवून उजवीकडे लावून घ्यायचा. एकट्या माणसाला मोबाइल हाताशी लागतोच.

बनियन हा सगळ्यांत मोठा शत्रू. डोक्यातून घालायचा प्रत्येक कपडा पहिले सहा आठवडे बाद. टी-शर्टही बाद. बनियन समोरून सरळ कापून दोन बंद लावले की झाली बंडी. हे ऐकून आमच्या हिला हसू आलं. म्हणाली, "एवढं काय त्यात? बाळाचं झबलं तेच असतं." अगदी खरं. बाळाची मान सावरत नाही म्हणून आपल्या आज्यांनी त्याच्या डोक्यातून कधी काही घातलं नाही. झबलं पुरतं उघडायचं, बाळाला त्यावर निजवायचं, बंद बांधायचे. जुनी माणसं बंडी घालायची, तीही समोरून उघडी. सोलापूरला संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत आजही पांढरी बाराबंदी घालतात, तीही डोक्यातून घालायची नाही, बंदांनी बांधायची. बाहेर ज्याला आता अ‍ॅडॅप्टिव्ह क्लोदिंग म्हणतात ते आपल्या पेटीत होतंच. फक्त बंद एका हाताने बांधता येत नाहीत, तिथे व्हेल्क्रो कामाला येतं.

बायकांची अडचण पुरुषांपेक्षा जास्त आहे. हा भाग सौभाग्यवतींनी आणि बी विंगमधल्या वहिनींनी मिळून मला लिहून दिला आहे, तो तसाच वाचतो. "सहा वार साडी एका हाताने नेसता येत नाही, प्रयत्नही करू नये. घरात समोर कमरेपर्यंत चेन असलेला सैल गाऊन, चेनला किल्लीची गोल कडी अडकवावी म्हणजे एका बोटाने ओढता येते. बाहेर जायला शिवलेली साडी मिळते किंवा जुनी साडी शिवून घेता येते, कमरेला इलॅस्टिक. परकराची नाडी काढून इलॅस्टिक घालावं. ब्लाउज समोरच्या हुकांचाच. त्याची बाही फार घट्ट असते, म्हणून दुखऱ्या बाजूची खालची शिवण, बाहीपासून काखेतून थेट खालच्या कडेपर्यंत, उसवून पट्टी जोडावी आणि हुकांऐवजी व्हेल्क्रो लावावं. आतले कपडे मागे हुक असलेले घालायचे नाहीत. समोर हुक असलेले मिळतात, नाहीतर सुती शमीज समोरून कापून घ्यावी. फ्रोझन शोल्डरवाल्यांनीही हेच करावं, कारण त्यांचा हात पाठीमागे जातच नाही. आणि हे सगळं सांगायला लाजू नये."

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं की तुमच्यासाठी, हे मी विचारलं नाही.

खालच्या कपड्यांचं पटकन उरकतो. लेंग्याची नाडी एका हाताने बांधता येत नाही. इलॅस्टिक घाला. पँटही इलॅस्टिकचीच, पट्टा विसरा. बुटाची लेस नाही. पायमोजे सैल. थंडीत शाल सारखी घसरते, त्यापेक्षा समोरून उघडा, बाह्या मोठ्या असलेला स्वेटर बरा. पट्ट्याचा मानेवरचा भाग काचतो, तिथे मऊ सुती धोतराची घडी गुंडाळावी.

तयार कपडे मिळतात का? मिळतात. अमेरिकेत मोरा हॉर्टन नावाच्या बाईंनी लोहचुंबकाची बटणं असलेला शर्ट काढला. त्यांचे यजमान फुटबॉलचे प्रशिक्षक, त्यांना पार्किन्सन्स झाला आणि बटणं लावता येईनात, त्यातून तो निघाला. टॉमी हिलफिगरसारख्या मोठ्या कंपनीनेही २०१६ मध्ये मुलांसाठी आणि पुढच्या वर्षी मोठ्यांसाठी असे कपडे आणले. आमच्या मुलीने न्यू जर्सीहून चुंबकाच्या बटणांचा एक शर्ट मला पाठवला. वस्तू छान आहे, बटणं टकटक आपोआप लागतात. पण ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी असा शर्ट अंगाला लावायचा नाही. चुंबक पेसमेकरपासून निदान सहा इंच लांब ठेवायचं असतं आणि शर्टाचं बटण तर छातीवरच येतं. आपल्या कट्ट्यावर पेसमेकरवाले आहेत, म्हणून हे ठासून सांगतो. आणि खरं सांगायचं तर सहा आठवड्यांसाठी परदेशातून शर्ट मागवण्यात काही अर्थ नाही. दीडशे रुपयांचं काम आहे.

त्या गृहस्थांचं पुढे काय झालं ते सांगतो. माझा शर्ट उजव्या खांद्याचा, त्यांचा खांदा डावा, त्यामुळे तो उपयोगी पडला नाही. त्यांचाच एक शर्ट घेऊन मी शिंप्याकडे गेलो. या वेळी त्याने काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "काका, डावा ना?" संध्याकाळी शर्ट तयार. त्यांना खुर्चीवर बसवलं, पद्धत सांगितली आणि मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. पंधरा-वीस मिनिटांनी आतून हाक आली. शर्ट अंगात होता, एक पल्ला वर, एक खाली लागलेला. मी तो नीट करायला पुढे झालो तर म्हणाले, "राहू द्या." तसेच खाली आले आणि गेटपर्यंत चालून गेले. दुसऱ्या दिवसापासून फिजिओथेरपी सुरू झाली.

यावरून कमिटीपुढे मी एक सूचना मांडली होती आणि ती मंजूर झाली आहे. सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात एक निळी पिशवी ठेवली आहे. तिच्यात उजव्या खांद्याचे दोन शर्ट, डाव्याचे दोन, समोरून उघडे दोन गाऊन, इलॅस्टिकचे दोन लेंगे आणि व्हेल्क्रोचं एक भेंडोळं आहे. कपाटाची किल्ली वॉचमनकडे रात्रीही असते, कारण माणसं ऑफिसच्या वेळा बघून पडत नाहीत. वहीत फ्लॅट नंबर लिहायचा, नाव लिहायची गरज नाही. सहा आठवड्यांनी कपडे धुऊन, व्हेल्क्रो बंद करून परत ठेवायचे. सध्या मोठ्या मापाचे गाऊन कमी आहेत आणि पुरुषांचे ४४ मापाचे सुती शर्ट हवे आहेत. जुने चालतील, पण कॉलर फाटलेले नकोत. रविवारी सकाळी दहा ते बारा मी ऑफिसात असतो, तेव्हा आणून द्यावेत.